ओह्रिद: किल्ला, जुनी चर्च आणि सरोवर नीट पाहायचं तर

ओह्रिदला निघालेल्या माणसाच्या कानावर सगळ्यात आधी पडते ती ३६५ चर्चची गोष्ट. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक, असं म्हणतात. ऐकायला छान आहे, पण ती डोक्यात ठेवून गावात शिरलात की फसगत ठरलेली. लोक सकाळपासून एकेका चर्चच्या दारात फोटो काढत पळतात, दुपारपर्यंत पाय बोलायला लागतात, आणि ज्या भिंतींसाठी हे गाव ओळखलं जातं त्या भिंतींकडे बघायला अंगात त्राणच उरत नाही. म्हणून आधीच ठरवून टाका: गावातली चार चर्च सावकाश पाहायची, किल्ल्याला एक सकाळ द्यायची आणि संत नाउमच्या मठासाठी एक अख्खा दिवस राखून ठेवायचा. याला तीन रात्री पुरतात, दोन रात्रींत ओढून-ताणून जमतं. राजधानी स्कोप्येहून एका दिवसात जाऊन यायचा बेत मात्र करू नका. जाता-येता सहा-सात तास बसमध्येच जातात.

गाव उत्तर मॅसिडोनियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात आहे, समोर सरोवराच्या पलीकडे अल्बेनियाचे डोंगर. सरोवर समुद्रसपाटीपासून ६९३ मीटर उंचीवर, साधारण ३५८ चौरस किलोमीटर पसरलेलं आणि सर्वांत खोल जागी २८८ मीटर. युरोपातल्या सर्वांत जुन्या सरोवरांत त्याची गणना होते. वय तेरा लाख वर्षांच्या वर आहे, आणि जगात दुसरीकडे कुठेही न सापडणारे दोनशेहून जास्त जीव त्यात आहेत. युनेस्कोने १९७९ साली त्याला निसर्गवारसा म्हणून मान दिला आणि पुढच्याच वर्षी, १९८० साली, गावालाही त्यात घेतलं. प्रवाशाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की गाव ईशान्य काठावर आहे, त्यामुळे सूर्य पाण्यापलीकडे मावळतो. खाली दिलेला सगळा क्रम या एका गोष्टीवर आखलेला आहे.

कधी जावं

मे महिन्याचा दुसरा पंधरवडा, जून आणि सप्टेंबर. हवा चालायला बरी, बोटी सुरू, चर्च उघडी आणि खोल्या रास्त दरात. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी पोहण्याजोगं कोमट असतं, पण सगळं मॅसिडोनिया सुट्टीसाठी इथेच उतरतं. १२ जुलै ते २० ऑगस्ट या काळात 'ओह्रिद समर' हा संगीत-नाट्य महोत्सव असतो. १९६१ पासून चालत आलेल्या या महोत्सवाच्या मैफली स्वेता सोफिया चर्चमध्ये आणि प्राचीन नाट्यगृहात होतात. त्या दिवसांत गेलात तर एक मैफल जरूर ऐका, पण सोफिया आतून बघायचं काम सकाळीच उरका, कारण मैफलीच्या तयारीसाठी दुपारनंतर ते बंद असू शकतं.

हिवाळ्यात गाव शांत आणि थंडगार असतं, बोटी बंद असतात. अपवाद १९ जानेवारीचा. त्या दिवशी ऑर्थोडॉक्स या पूर्वेकडच्या ख्रिस्ती पंथाचा 'वोदित्सी' हा सण असतो. धर्मगुरू क्रूस सरोवरात फेकतात आणि तो काढायला पुरुष गारठलेल्या पाण्यात उड्या घेतात. हे बघायचं असेल तर खोली आधी पक्की करा आणि कानटोपी विसरू नका.

व्हिसा आणि पोहोचणं

उत्तर मॅसिडोनिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही, आणि गडबड नेमकी इथेच होते. भारतीय पासपोर्टवर अनेक प्रवेशांचा चालू शेंगेन व्हिसा असेल, तर वेगळा व्हिसा न घेता १५ दिवसांपर्यंत राहता येतं; तिथून निघायच्या तारखेनंतरही तो शेंगेन व्हिसा किमान पाच दिवस चालू असावा लागतो. एकच प्रवेश असलेल्या शेंगेन व्हिसावर ग्रीस किंवा इटली करून इकडे आलात, तर परतीच्या वाटेवर शेंगेनमध्ये पुन्हा पाऊल ठेवता येणार नाही. परतीचं विमान अथेन्स किंवा व्हिएन्नाहून असेल तर सगळा प्रवास अडतो. व्हिसाचा अर्ज भरतानाच अनेक प्रवेश मागा. नियम बदलत राहतात, त्यामुळे तिकीट काढण्याआधी दिल्लीतल्या त्यांच्या दूतावासाकडून ताजी माहिती घ्या.

मुंबईहून सरळ मार्ग इस्तंबूलवरून स्कोप्ये. युरोपातच असाल तर काही शहरांतून थेट ओह्रिदला स्वस्तातली विमानंही जातात. ओह्रिदचा छोटा विमानतळ गावापासून दहाएक किलोमीटरवर आहे. रेल्वे नाही. पूर्वी एक अरुंद मापाची गाडी होती, ती १९६६ साली बंद झाली. तेव्हा स्कोप्येहून बस हाच उपाय. स्कोप्येचं बसस्थानक रेल्वे स्थानकाला लागूनच आहे, आणि विमानतळापासून तिथपर्यंत बससेवा आहे. ओह्रिदची बस तीन ते साडेतीन तास घेते. गोस्तिवार सोडल्यावर किचेवोपर्यंत स्त्राझा खिंडीतून घाट आहे. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी गोस्तिवारला पोहोचल्यावर नाही, बसमध्ये चढण्याआधी घ्यावी.

संध्याकाळनंतर बस कमी होतात. तुमचं विमान रात्री उतरत असेल तर हट्टाने पुढे जाऊ नका, स्कोप्येत रात्र काढा. सकाळी दोन तास हाताशी राहिले तर मदर तेरेसांचं स्मृतिभवन पाहून होतं. त्यांचा जन्म याच शहरात, २६ ऑगस्ट १९१० रोजी झाला. भवन मध्यवर्ती पायी रस्त्यावर आहे.

बसच्या पाट्या बऱ्याचदा फक्त सिरिलिक लिपीत (रशियनसारख्या अक्षरांत) असतात. निघण्याआधी 'ओह्रिद', 'स्कोप्ये', 'स्वेती नाउम' ही नावं सिरिलिकमध्ये मोबाइलवर चित्र म्हणून साठवून ठेवा आणि अक्षर जुळवून गाडी ओळखा. युरोपियन युनियनचं सिमकार्ड इथे घरच्या दरात चालत नाही, त्यामुळे नेटच्या भरवशावर राहू नका; सीमा ओलांडण्याआधी डेटा रोमिंग बंद करा आणि गावचा नकाशा आधीच उतरवून घ्या.

अल्बेनियाची राजधानी तिरानाहून येणाऱ्यांना रस्त्याने साधारण तीन तास लागतात, मध्ये सीमेवर तपासणी. गाडी भाड्याने घेऊन येत असाल तर ती सीमेपार नेण्याची परवानगी आणि 'ग्रीन कार्ड' विम्याचा कागद गाडी ताब्यात घेतानाच मागा. सीमेवर पोहोचल्यावर तो मिळवणं महागात पडतं.

मुक्काम कुठे

जुन्या गावात, ज्याला वारोश म्हणतात, राहण्याची मजा वेगळीच. वरचे मजले रस्त्यावर पुढे आलेली पांढरी घरं, खिडकीतून पाणी. पण गल्ल्या चढाच्या आणि दगडी आहेत, गाडी दारापर्यंत येत नाही, आणि चाकांची मोठी बॅग तिथे अक्षरशः उचलूनच न्यावी लागते. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर बंदराच्या आसपासचा सपाट भाग निवडा, तिथून सगळं चालत होतं. कानेओ वस्तीतली खोली फोटोत फार सुंदर दिसते, पण तिथे पायवाटेने किंवा बोटीनेच जाता येतं. खोली ठरवण्याआधी यजमानांना दोनच प्रश्न विचारा: टॅक्सी कुठपर्यंत येते, आणि तिथून पायऱ्या किती.

परदेशी पाहुण्याची पोलिसांत नोंद व्हावी लागते. हॉटेल हे काम स्वतःच करतं. घरगुती खोलीत राहिलात तर यजमानाकडून नोंदीचा कागद मागून घ्या आणि देश सोडेपर्यंत पासपोर्टमध्ये ठेवा.

किल्ल्यापासून सुरुवात करा

बहुतेक लोक बंदरापासून चढत जातात आणि भर दुपारी किल्ल्यावर पोहोचतात, जिथे सावलीचा मागमूस नाही. याच्या उलट करा. सकाळी टॅक्सीने वरच्या वेशीपाशी, म्हणजे 'गोर्ना पोर्ता'पाशी उतरा आणि दिवसभर उतरत या. टॅक्सीत बसण्याआधी भाडं ठरवा किंवा मीटर चालू आहे ना ते बघा.

किल्ला बल्गेरियाचा झार, म्हणजे सम्राट, सामुएलच्या नावाने ओळखला जातो. दहाव्या शतकाच्या अखेरीस त्याने ओह्रिदला राजधानी केलं. १०१४ साली तो वारला आणि १०१८ पर्यंत बायझंटाईन (पूर्व रोमन) सम्राट दुसऱ्या बेसिलने त्याचं राज्य गिळलं. टेकडीवर तटबंदी मात्र त्याच्याही आधीपासून होती. आज दिसणाऱ्या तटाचा घेर सुमारे तीन किलोमीटर, बुरूज अठरा, आणि काही ठिकाणी भिंत सोळा मीटर उंच. चढाईचं म्हणाल तर राजगड-रायगड चढलेल्या माणसाला ही टेकडी काहीच नाही. अपेक्षा मात्र योग्य ठेवा. आत वाडे नाहीत, टाकी नाहीत, दारूगोळ्याचं कोठार नाही. जवळपास मोकळं मैदान आहे. शिवाय २००० नंतरच्या काही वर्षांत तटाची मोठी डागडुजी झाली, त्यामुळे वरचे चिरे आणि चर्या नवीन आहेत. जुनं काम पाहायचं तर भिंतीच्या खालच्या भागाकडे बघा, तिथे दगडांचा आकार आणि चुन्याचा रंग बदललेला स्पष्ट कळतो.

इथे यायचं ते तटावरून फिरायला. दगडी जिने उंच आणि अरुंद आहेत, कठडा सगळीकडे नाही. लहान मुलाचा हात सोडू नका. दक्षिणेकडच्या तटावरून पूर्ण जुनं गाव, प्लाओश्निकच्या चर्चचे घुमट आणि सरोवर एका नजरेत येतं. सकाळी सूर्य पाठीमागे असतो, त्यामुळे पाण्याचा रंग खरा दिसतो. पाऊण तास ते तास पुरे. पाणी सोबत न्या, तिकिटासाठी सुटे पैसे ठेवा.

वाटेत, वरची वेस आणि किल्ला यांच्यामध्ये, ग्रीक काळातलं नाट्यगृह लागतं, साधारण २,२०० वर्षांपूर्वीचं. ते कित्येक शतकं घरांखाली गाडलेलं होतं आणि त्याच्या खालच्याच रांगा शिल्लक आहेत. रोमन काळात तिथे ग्लॅडिएटरांच्या झुंजी होत. दहा मिनिटं बसा आणि पुढे चला.

पेरिवलेप्तोस: सगळ्यात जास्त वेळ इथे

वरच्या वेशीला लागूनच हे छोटं विटकरी चर्च आहे. बाहेरून बेताचं. पण चारपैकी एकच आतून पाहणं शक्य असेल तर हेच पाहा. प्रोगोन झ्गूर नावाच्या बायझंटाईन सरदाराने ते १२९५ साली बांधवलं, आणि भिंती रंगवल्या मिखाइल आस्त्रापास आणि युतिखिओस या दोन तरुण चित्रकारांनी. त्या काळी चित्रकार आपलं नाव लिहीत नसत. या दोघांनी लिहिलं, तेही चित्राच्या आत लपवून: योद्धा संत मर्क्युरिओसच्या तलवारीच्या पात्यावर मिखाइलचं नाव आहे. तिथल्या रखवालदाराला विचारलं तर तो जागा दाखवतो.

आत गेल्यावर आधी दोन मिनिटं नुसते उभे राहा. उजेड कमी असतो, डोळे सरावेपर्यंत भिंती काळपट वाटतात आणि घाईचा माणूस तेवढ्यातच बाहेर पडतो. मग ख्रिस्ताचं शव मांडीवर घेतलेल्या शोकाच्या चित्राकडे जा. त्यातल्या बायका हात वर फेकून आक्रोश करताहेत, एक मागच्या मागे कोसळते आहे. कपड्यांच्या घड्या जड, देह भरीव. त्याआधीच्या शंभर वर्षांतलं बायझंटाईन चित्र साधारणपणे संयत आणि सपाट असतं. इथे दुःख अंगात उतरलेलं दिसतं, आणि म्हणूनच कला शिकणारे लोक जगभरातून या एका खोलीत येतात. पश्चिमेच्या भिंतीवर, दाराच्या वर, मेरीच्या निधनाचं मोठं चित्र आहे; ते बघायला आत शिरल्यावर मागे वळावं लागतं, त्यामुळे अनेकांचं राहून जातं.

समोरच प्रतिमांचं दालन आहे. तिथल्या काही प्रतिमा दोन्ही बाजूंनी रंगवलेल्या आहेत, कारण त्या दांडीवर लावून मिरवणुकीत नेत: पुढून एक चित्र, मागून चालणाऱ्यांना दुसरं. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीची, चांदीचा पत्रा मढवलेली देवदूताच्या शुभवार्तेची प्रतिमा शोधून पाहा. सोमवारी संग्रहालयं बंद असतात. हा दिवस सोमवारी येणार नाही असं बघा.

या चर्चेसमध्ये वागण्याच्या चार गोष्टी. पादत्राणं काढायची नाहीत, सवयीने काढलीत तर लोक चकित होतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. पुरुषांच्या अर्ध्या चड्डीलाही हरकत घेतात. आत फोटो बहुतेक ठिकाणी मना आहे, आणि ही सक्ती रंगांच्या काळजीपोटी आहे, तेव्हा चोरून काढू नका. मेणबत्त्या वाळूच्या दोन थरांच्या तबकात लावतात: वरचा थर हयात माणसांसाठी, खालचा गेलेल्यांसाठी. मुलाच्या परीक्षेसाठी मेणबत्ती लावायची असेल तर ती खाली लावू नका. तिकीट साधारण १०० ते १५० दिनारच्या घरात, रोख.

प्लाओश्निक, कानेओ, सोफिया

किल्ल्यावरून पाइनच्या झाडीतली पायवाट दहाएक मिनिटांत प्लाओश्निकला उतरते. स्लाव लोकांत ख्रिस्ती धर्म नेणारे भाऊ सिरिल आणि मेथोडिअस यांचा शिष्य क्लिमेंट ८८६ साली इथे आला, शाळा काढली, पुढे मठ उभारला. हजारो विद्यार्थी त्याच्या हाताखालून गेले असं परंपरा सांगते. सिरिलिक लिपी त्याने घडवली हे गावात जागोजागी ऐकाल. अभ्यासकांचा कल मात्र ती बल्गेरियातल्या प्रेस्लावमध्ये घडली याकडे आहे. तो ९१६ साली वारला आणि त्याला इथेच पुरलं. आजचं संत पॅन्टेलेमोनचं चर्च २००२ साली जुन्या पायावर पुन्हा बांधलेलं आहे, त्यामुळे विटा कोऱ्या दिसतात. आत काचेच्या फरशीतून खालचा मूळ पाया दिसतो. बाहेर छपराखाली पाचव्या शतकातल्या चर्चची रंगीत दगडांची फरशी आहे. चर्चपेक्षा आम्ही तिला जास्त वेळ देऊ.

तिथून खाली आणखी दहा मिनिटांवर कानेओ. कड्यावर एकटंच उभं असलेलं तेराव्या शतकातलं संत योहानाचं चर्च, ज्याचा फोटो पाहूनच निम्मे लोक ओह्रिदला येतात. आत भित्तिचित्रांचे तुकडेच उरले आहेत, पाच मिनिटांत होतं. याचं मोल जागेत आहे. फोटो चर्चच्या अंगणातून येत नाही. प्लाओश्निककडून उतरणाऱ्या वाटेवर, चर्च खाली आणि सरोवर मागे अशा वळणावर थांबावं लागतं. दुपारी इथून जाऊन संध्याकाळी पुन्हा या. सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी विटांवर तिरपं ऊन पडतं, तेव्हा कौलांच्या कडा आणि विटांच्या नक्षीच्या ओळी एकेक उठून दिसतात. सूर्य टेकल्यावर मात्र चर्च नुसती काळी आकृती होते. उन्हाळ्यात जागा धरायला आधीच गेलेलं बरं.

कानेओच्या पायऱ्या उतरून छोट्या किनाऱ्यावर या. तिथून कड्याच्या पायथ्याशी पाण्यावर बांधलेला लाकडी पूल तुम्हाला पोतपेश किनाऱ्यावर नेतो आणि पंधरा मिनिटांत सोफियापाशी सोडतो. वारा सुटला की लाटा फळ्यांवर येतात. ओल्या फळ्या आणि वारोशमधले पिढ्यान्‌पिढ्या पायांनी गुळगुळीत झालेले दगड, दोन्ही फार घसरतात. पावसात चपला घालून चालू नका.

स्वेता सोफिया हे ओह्रिदच्या आर्चबिशपचं मुख्य चर्च. अकराव्या शतकात, आर्चबिशप लिओच्या काळात ते उभं राहिलं, पुढचा कमानींचा सज्जा १३१७ सालचा. तुर्कांच्या राजवटीत त्याची मशीद झाली आणि चित्रांवर चुना फासला गेला. त्याच चुन्याखाली ती टिकली; १९५० च्या दशकात थर काढल्यावर पुन्हा उजेडात आली. सगळ्यात चांगली चित्रं वेदीच्या बाजूला आहेत, त्यामुळे दारापासच्या ओक्याबोक्या भिंती बघून परतू नका, थेट पुढे जा. वेदीच्या अर्धगोलात बाळ घेतलेली मेरी, बाजूच्या भिंतीवर अब्राहाम मुलाचा बळी द्यायला निघालेला, आणि रोमच्या सहा पोपांची चित्रं. ऑर्थोडॉक्स गडात रोमचे पोप, तेही रोमन आणि ऑर्थोडॉक्स या दोन्ही चर्चांची १०५४ मध्ये फारकत झाली त्याच्या सुमारास रंगवलेले. पेरिवलेप्तोस सकाळी पाहिलेलं असलं की इथल्या ताठ, मोठ्या डोळ्यांच्या आकृती आणि तिथली हलणारी माणसं यांतलं अडीचशे वर्षांचं अंतर आपोआप डोळ्यांना कळतं. म्हणून आधी ते, मग हे, असा क्रम.

खाणं

शाकाहारी माणसाचं इथे अडत नाही. 'ताव्चे ग्राव्चे' म्हणजे मातीच्या भांड्यात भट्टीत भाजलेला राजम्यासारखा पांढरा घेवडा, वर लाल मिरची. त्यावर कधी सॉसेज ठेवतात, म्हणून 'बेझ मेसो' म्हणजे मांस नको असं सांगा. भाजलेल्या लाल मिरचीची 'आय्वार' चटणी, काकडी-टोमॅटोवर चीज किसलेलं 'शोप्स्का' सॅलड आणि पालक किंवा चीजचा 'बुरेक' हे सगळीकडे मिळतं. मेन्यूवर 'पोस्नो' दिसलं तर ते ऑर्थोडॉक्स उपवासाचं जेवण: मांस, दूध, अंडं नाही. मात्र त्यात मासा चालतो, तेव्हा 'बेझ रिबा'ही सांगावं लागतं.

ओह्रिदचा खास पदार्थ 'ग्योम्लेझे'. मैदा, पाणी, मीठ एवढंच पातळ पीठ. परातीत एक थर ओतायचा, वर निखाऱ्यावर तापवलेलं लोखंडी झाकण ठेवायचं, थर भाजला की त्यावर पुढचा, असे कितीतरी. याला दोन-दोन तास लागतात, म्हणून मेन्यूत असला तरी तो ताबडतोब मिळत नाही. आदल्या दिवशी सांगून ठेवा. सोबत दही मागा.

मासे खाणाऱ्यांनी एक पथ्य पाळावं. ओह्रिदचा ट्राउट फक्त याच सरोवरात होतो आणि बेसुमार मासेमारीने तो धोक्यात आला आहे. ताटात बऱ्याचदा शेततळ्यातला रेनबो ट्राउट येतो. 'कॅलिफोर्नियन' ट्राउट म्हणून तोच मागा.

संत नाउमचा दिवस

गावापासून २९ किलोमीटर दक्षिणेला, अल्बेनियाच्या सीमेलगत हा मठ आहे. क्लिमेंटचा सोबती नाउम याने दहाव्या शतकाच्या सुरुवातीला तो स्थापला, ९१० साली तो इथेच वारला. मोसमात सकाळी बंदरावरून बोट निघते, दीड तासाच्या आसपास घेते आणि दुपारी परत फिरते. जाताना बोट आणि येताना बस असं करता येतं का ते आदल्या संध्याकाळी बंदरावर आणि बसच्या फलकावर पाहून ठरवा. ज्या दिवशी वारा जोराचा असतो त्या दिवशी बोट रद्द होते, म्हणून हा बेत शेवटच्या दिवसावर ढकलू नका. पासपोर्ट सोबत ठेवा, सीमा चालत जाण्याइतकी जवळ आहे.

मठाच्या आवारात मोर मोकळे फिरतात. चर्चमधल्या लहान दालनात नाउमची समाधी आहे. दगडाला कान लावला की त्याच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात अशी श्रद्धा आहे, आणि माणसं रांगेने वाकून ऐकतात. मोठी बोट येण्याआधी किंवा ती गेल्यावर गेलात तर निवांतपणा मिळतो.

खरी नवलाई मठाशेजारच्या झऱ्यांची. डोंगरापलीकडचं प्रेस्पा सरोवर इथल्यापेक्षा दीडशेएक मीटर उंचावर आहे. मधला गालिचित्सा डोंगर चुनखडीचा, पोकळ. प्रेस्पाचं पाणी त्यातून झिरपत येऊन इथे तळातून वर येतं. वल्हवायच्या नावेतून तासाभराची फेरी घ्या. पाणी इतकं नितळ की तळाच्या वाळूत बुडबुड्यांसारखी उसळी मारणारे झरे मोजता येतात, आणि भर उन्हाळ्यातही हात घातला तर गार पडतो. इथे पोहायला मनाई आहे. पोहायचं तर गावाकडे परतताना त्र्पेयत्सा किंवा ग्रादिश्ते. किनारे गोट्यांचे आहेत, पाण्यात घालायचे बूट न्या. ग्रादिश्तेजवळच 'हाडांचा उपसागर' आहे, पाण्यात खांबांवर वसलेल्या कांस्ययुगीन वस्तीची उभारलेली प्रतिकृती. मुलं सोबत असतील तर थांबाच.

हातात आणखी अर्धा दिवस असेल तर १५ किलोमीटरवरच्या स्त्रुगाला जा. तिथे सरोवरातून ब्लॅक द्रिन नदी बाहेर पडते, आणि तिच्या पुलावर दर ऑगस्टमध्ये जगभरचे कवी कविता वाचतात. तिथला 'सुवर्णमाला' सन्मान १९८३ साली हिंदीतले कवी अज्ञेय यांना मिळाला होता.

पैसे आणि मोती

चलन दिनार, एका युरोला साधारण ६१. युरो घेतात, पण सुटे देताना हिशेब तुमच्या बाजूने नसतो. एटीएमने 'तुमच्या चलनात रक्कम कापू का' विचारलं तर नाही म्हणा आणि दिनारमध्येच कापू द्या.

ओह्रिदचे मोती शिंपल्यात होत नाहीत. शिंपल्यापासून घासून मणी करतात, त्यावर 'प्लाशित्सा' या छोट्या माशाच्या खवल्यांपासून केलेल्या द्रवाचे एकावर एक थर चढवतात. खवल्यांच्या द्रवाची कृती गावातली मोजकी घराणी गुपित म्हणून जपतात. रस्त्यावरच्या टोपल्यांतली माळ बहुधा काच किंवा प्लास्टिकची असते. हातात घेऊन पाहा: खरा मणी जड आणि गार लागतो, भोकाच्या कडेला रंगाचे पापुद्रे सुटलेले दिसत नाहीत. कार्यशाळा असलेल्या दुकानातूनच, प्रमाणपत्रासह घ्या.

उरलेले दिनार देशाबाहेर कुठेच बदलून मिळत नाहीत. सीमा ओलांडण्याआधी ते गावातल्याच चलन बदलण्याच्या दुकानात युरोत करून घ्या. स्कोप्येच्या विमानतळावर दर कमी मिळतो.